गळते छप्पर आणि कर्जाचा कागद



‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील म्हणत आले. म्हणीत बांधण्याचा उल्लेख आहे, डागडुजीचा नाही. पण ज्याच्या डोक्यावर बापाच्या वेळचे पत्रे आहेत, किंवा माळवद दर पावसाळ्यात दोन खणांत तरी पाझरते, त्याला पक्के ठाऊक असते की घर बांधणे एकदा होते आणि दुरुस्ती जन्मभर चालते. मिळकत थोडी आणि दुरुस्ती मोठी, अशी वेळ आली म्हणजे माणूस कर्जाच्या दारात जाऊन उभा राहतो. थोड्या मिळकतीच्या घराने दुरुस्तीसाठी कर्ज काढावे काय, काढावे तर किती व कोणाकडून, आणि कोणत्या अटीवर मुळीच काढू नये, याचा विचार या महिन्याच्या पाठात करावयाचा आहे.

कोणी म्हणेल, परमार्थाच्या मासिकात हे पत्र्याचे आणि व्याजाचे प्रकरण कशाला? त्याला उत्तर असे. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून तुकोबारायांची पालखी निघते, अष्टमीस आळंदीहून माउलींची. दिवस मृगाचे, आर्द्राचे. दिंडीत चालणाऱ्याच्या मुखात नाम आहे, हातात टाळ आहे. आणि घरी म्हातारी आई नि लेकरे गळत्या छपराखाली जागोजाग भांडी मांडून बसली आहेत. किंवा छप्पर झाले आहे, पण हप्ता थकला आहे आणि वसुलीवाला ओट्यावर येऊन बसला आहे. अशा वारकऱ्याचे पाय पंढरीच्या वाटेवर आणि मन उंबऱ्यात, अशी ओढाताण होते. आपला संप्रदाय संसार टाकलेल्यांचा नव्हे, संसारात राहिलेल्यांचा आहे. तेव्हा छप्पर आणि हप्ता हे दोन्ही विषय आपल्याच अंगणातले समजावेत.

कर्जाच्या बाबतीत आपल्यापुढे केवढे थोर उदाहरण आहे ते पाहा. तुकोबारायांच्या घरी महाजनकी होती, देवघेव होती. लोकांच्या नावावरची खते घरात होती. पुढे १६२९-३० चा भयंकर दुष्काळ पडला; धनमान गेले, घरचे माणूस अन्नावाचून गेले, व्यापार बुडाला. म्हणजे घेणेकऱ्याचे दुःख आणि देणेकऱ्याचे दुःख, दोन्ही तुकोबारायांनी स्वतःच्या घरात पाहिली. परंपरा सांगते की त्यांनी बंधू कान्होबांस निम्मी खते वाटून दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडविली. ही कथा आपण कीर्तनात शेकडो वेळा ऐकली आहे. पण त्याच सुमाराची दुसरी गोष्ट आपण तितक्या लक्षाने ऐकत नाही. देहूचे पूर्वजांच्या वेळचे विठ्ठलमंदिर भंगले होते, आणि त्याचा जीर्णोद्धार करावा असे त्यांच्या मनाने घेतले. ते स्वतः आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत हे सांगतात. पैसा तर जवळ नव्हता. तेव्हा माती कालवून भिंत रचण्याचे काम त्यांनी आपल्या हातांनी केले, अशी परंपरा आहे. देवाच्या घराचीसुद्धा दुरुस्ती कर्जावर केली नाही. आधी अंगमेहनत घातली.

तिसरी एक कथा आहे ती माउलीवर्गाने ध्यानात ठेवावी. जिजाईने आपल्या नावावर खत लिहून देऊन दोनशे रुपये उभे केले व तुकोबांना व्यापारास धाडले. त्यांनी नफा केला खरा, पण वाटेत भेटलेल्या एका अडलेल्या गृहस्थास सारी रक्कम देऊन टाकली, असे परंपरागत चरित्रात येते. कीर्तनकार या ठिकाणी तुकोबारायांच्या औदार्यावर बोलतात, ते योग्यच. परंतु मागे राहिलेल्या त्या खतावर नाव जिजाईचे होते, हेही खरे ना? आज गटाचे कर्ज बहुधा बाईच्या नावावर निघते, पत्रे आणायला पुरुष जातो, आणि हप्त्याच्या दिवशी बैठकीत मान खाली घालून बसायचे ते बाईने. ज्याच्या नावावर कागद, त्याच्या हाती हिशेब, एवढा नियम तरी प्रत्येक माळकरी घराने पाळावा.

आता हिशेबाकडे वळू. शाळेत आपण ‘द. सा. द. शे.’ शिकलो, म्हणजे दर साल दर शेकडा. गावात व्याज सांगताना यातला ‘साल’ हळूच गाळला जातो. ‘शेकडा पाचाने देतो’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला पाच हा आकडा लहान वाटतो. पण तो पाच दर महिन्याचा असतो. वर्षाचे साठ झाले!

उदाहरण मांडून पाहा. छपरासाठी ५० हजार रुपये शेकडा पाचाने घेतले. दरमहा व्याज २,५०० रुपये. वीस महिने ते इमानाने भरले की ५० हजार रुपये देऊन झाले, आणि मुद्दल ५० हजार जसेच्या तसे डोक्यावर. हीच रक्कम बँकेकडून दर साल दर शेकडा १२ ने, शिल्लक राहिलेल्या रकमेवरच व्याज या पद्धतीने, दोन वर्षांसाठी घेतली तर महिन्याचा हप्ता सुमारे २,३५४ रुपये बसतो. चोवीस महिन्यांत व्याजासकट सारे फिटते; व्याज म्हणून एकंदर साडेसहा हजारांच्या आत जातात. म्हणजे जो माणूस एकीकडे दरमहा अडीच हजार भरूनही एक पैसा फेडत नाही, तोच माणूस दुसरीकडे त्याहून कमी भरून मोकळा होतो. मेहनत तीच, घाम तोच. गाठीला पैसा नसल्याने जितके संसार बुडाले, त्याहून जास्त या एका हिशेबाच्या अज्ञानाने बुडाले असतील, असे मला वाटते.

दुसरी एक मेख आहे. काही ठिकाणी ‘बारा टक्के’ म्हणतात, पण ते सरळ धरतात. म्हणजे ५० हजारांवर दोन वर्षांचे १२ हजार व्याज आधीच मिळवायचे आणि ६२ हजारांचे चोवीस हप्ते पाडायचे. हप्ता २,५८३ रुपये. मुद्दल दर महिन्यास घटते, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पुऱ्या ५० हजारांवर. खरा दर काढला तर तो साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. तेव्हा ‘किती टक्के?’ एवढे विचारून थांबू नये. ‘घटत्या शिलकीवर की सरळ?’ हेही विचारावे, आणि शेवटी ‘एकूण किती रुपये भरून मी मोकळा होणार?’ असे विचारावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर रुपयांत येते, तेथे शब्दांची चलाखी चालत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने बँकांना व वित्तकंपन्यांना असे बंधन घातले आहे की, कर्जाआधी ऋणकोस मुख्य बाबींचे एक पत्रक, त्याला समजेल अशा भाषेत द्यावे, आणि त्यात सर्व खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहावा. ते पत्रक मागून घ्यावे. वाचता येत नसेल तर गावच्या गुरुजींकडून वाचून घ्यावे. यात लाज कसली?

किती कर्ज काढावे, हा खरा नाजूक प्रश्न. लहान कर्जे देणाऱ्या संस्थांसाठी रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम असा आहे की, ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे त्याला असे विनातारण कर्ज देताना, त्या घराच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होऊ नयेत. नियम चांगला आहे; पण ती देणाऱ्याला घातलेली वेसण आहे, घेणाऱ्यासाठी सांगितलेले प्रमाण नव्हे. पंधरा हजारांच्या घराने साडेसात हजार हप्त्यात घातले तर उरलेल्यात दळण, औषध, शाळा, वारी हे कसे भागणार?

आपण दुसरे माप घ्यावे. मिळकत चांगल्या महिन्याची धरू नये, सर्वांत वाईट महिन्याची धरावी. शेतमजुराच्या घरात सुगीला चार पैसे खेळतात, आणि चैत्र-वैशाखात हात रिकामे बसतात. ऊसतोडीला जाणाऱ्याची तऱ्हा उलटी. त्याचा पट्टा पडला की पावसाळ्यात चणचण. समजा, वाईट महिन्यात घरात ९ हजार येतात. धान्य, दळण, तेल-मीठ, दिवाबत्ती, औषध, मुलांची वही-पेन यांना ७ हजार लागतात. उरले दोन. त्यांतले निम्मे आजारपण-पाव्हणेराव्हणे यांस राखून ठेवावे. हप्ता एक हजाराचा. एक हजाराच्या हप्त्यात, बारा टक्क्यांनी, दोन वर्षांत फिटेल असे कर्ज २१ हजारांच्या आसपास येते. तेवढीच आपली ऐपत. अंथरूण पाहून पाय पसरावे हे सर्वांना पाठ आहे. पण अंथरूण मोजायचे कसे हे कोणी सांगत नाही, म्हणून इतक्या विस्ताराने लिहिले. आणि हो, वारीचा खर्च या हिशेबात मिळकतीतून धरावा. कर्ज काढून वारी करावी असे कोणत्याही संताने सांगितलेले नाही.

आता २१ हजारांत घराचे काय होणार, असे वाटेल. सारे घर होणार नाही. पण सारे घर एकदम करावयाचेच नसते. घराचा पहिला वैरी पाणी. म्हणून पहिला पैसा पाणी अडविण्यावर, दुसरा भिंतीच्या बळकटीवर, तिसरा शौचकूप-मोरीवर, मग फरशी. आणि रंग, नक्षीची जाळी, पुढची कमान ही सर्वांत शेवटी. आमच्या खेड्यांत आज हा क्रम नेमका उलटा झालेला दिसतो. रस्त्यावरून जाणाऱ्यास दिसते ते आधी आणि आतल्या माणसांच्या अंगावर ठिबकते ते मागून. याला घरसुधारणा म्हणावे की लोकांच्या डोळ्यांची पूजा?

कर्ज काढण्यापूर्वी घरावर चढून एकदा नीट पाहावे. पत्रे गळतात म्हणून सगळे पत्रे बदलायला निघालेल्याने आधी पाहावे की पत्राच सडला आहे की स्क्रूखालचे वायसर कुजले आहेत. पुष्कळदा पाणी तेवढ्या भोकातून येते, आणि ते काम दोन दिवसांच्या मजुरीत होते. कौलारू घरात फुटकी कौले बदलून, सरकलेली बसवून, एखादा वासा-रीप नवा घातला की भागते. धाब्याच्या घरावर मृगाआधी पांढरी माती टाकून ती चोपली, उतार नीट ठेवला, पन्हळ मोकळी केली, की तेच माळवद आणखी काही वर्षे नेते. हे काम घरची माणसे आणि दोन शेजारी मिळून करू शकतात. वळचणीचे पाणी भिंतीच्या पायाशीच मुरत असेल तर एक चर खणून ते बाहेर काढावे. चर खणायला कर्ज लागत नाही. स्लॅब पाझरत असेल तर मात्र खालून गिलावा नि रंग देऊन डाग झाकू नयेत. आत पाणी मुरून सळई गंजत राहते आणि पुढे मोठा खर्च येतो. तेथे वरूनच उपाय हवा, आणि त्यासाठी बेताचे कर्ज काढणे यात मला काही वावगे वाटत नाही.

भिंतीची गोष्ट वेगळी आहे. ती जिवाची गोष्ट आहे. चोखोबारायांचे देहावसान कसे झाले हे वारकऱ्यास सांगावयास नको. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरीस महाद्वारापाशी समाधी दिली. अलीकडची आठवण म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीच्या भूकंपात लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदांचे ओझे अंगावर येऊन. म्हणून फुगलेली, पोट काढलेली भिंत, आढ्याचा कुजलेला खांब यांची दुरुस्ती ‘पुढच्या सालाला’ म्हणून टाळू नये. आणि जुन्या मातीच्या भिंतींवर जाणत्याला दाखविल्याशिवाय स्लॅबचे ओझे चढवू नये. येथे पैसा नसेल तर कर्ज काढावे, बेलाशक काढावे. रंगासाठी काढलेले ऋण आणि जीव वाचविण्यासाठी काढलेले ऋण यांस एका तागडीत घालता येणार नाही.

कर्ज कोणाकडून घ्यावे, याला मोठा इतिहास आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे कर्जबाजारी कुणब्यांनी सावकारांच्या घरांतून खते बाहेर काढून जाळली, आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. एकाच पुणे जिल्ह्यात देहूस खते सावकाराच्या हातून पाण्यात गेली आणि सुप्यास ऋणकोच्या हातून अग्नीत, हा योग विचार करण्यासारखा आहे. पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तरीही १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण पतपाहणीच्या अहवालात, शेतकऱ्याच्या कर्जापैकी सावकारांचा वाटा शेकडा सत्तरच्या जवळपास आणि सहकारी संस्थांचा अवघा शेकडा तीनच्या आसपास निघाला होता! आज चित्र पुष्कळ बदलले आहे. पण रात्री अडलेला माणूस अजून ज्या दाराशी जातो ते दार पुष्कळदा जुनेच असते.

माझ्या मते क्रम असा लावावा. पहिली आपली स्वतःची पुंजी, भिशी असली तर ती. मग बचत गट. नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून गटांना बँकेशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तो आज खेडोपाडी पोहोचला आहे. गटातले व्याज गटातच राहते, आणि घेणारी कशासाठी घेते हे दहाजणींना माहीत असल्याने उधळपट्टीस आपोआप आळा बसतो. मग बँक व पतसंस्था. घरात दागिना असेल तर बँकेत सोनेतारण, हाही मार्ग वाईट नाही. बाईच्या गळ्यातले काढताना तिची राजीखुशी असावी आणि पावती तिच्याजवळ राहावी. लहान कर्जे देणाऱ्या कंपन्यांचा दर बहुधा वीस टक्क्यांच्या वरच असतो, म्हणून त्या पुढच्या पायरीवर. त्यांच्यासंबंधी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात: मुदतीआधी फेडले तर दंड घेता येत नाही, सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, शिवीगाळ, धमकी यांस सक्त मनाई आहे. एकीचा हप्ता भागविण्यास दुसरीचे कर्ज, दुसरीसाठी तिसरीचे, ही माळ एकदा गळ्यात पडली की काढणे कठीण. मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्यांच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नये.

खासगी सावकाराकडेच जाणे भाग पडले तर त्याला परवाना आहे का, हे आधी पाहावे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यान्वये विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. त्याच साली शासनाने परवानाधारकांसाठी दर ठरविले, ते शेतकऱ्यास तारणावर दर साल ९ व विनातारण १२ टक्के, इतरांस १५ व १८ टक्के असे आहेत. ‘शेकडा पाच’ कोठे आणि हे कोठे! शिवाय आपल्याकडील जुना दामदुपटीचा नियमही या कायद्यात आहे. मुद्दलापेक्षा अधिक व्याज सावकाराला वसूल करता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करता येते. कोऱ्या कागदावर सही अगर अंगठा मात्र कोणीही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी, देऊ नये.

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाचे कलम. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात असे आहे की शेतकरी, मजूर किंवा घरगडी यांचे स्वतःच्या मालकीचे व राहते घर, साध्या पैशाच्या हुकूमनाम्यावरून जप्त करता येत नाही. गरिबाच्या डोक्यावर धरलेली ही कायद्याची छत्रीच होय. पण तेच घर आपण होऊन गहाण लिहून दिले, की या कर्जापुरती ती छत्री आपणच मिटली. पूर्वी गावठाणातल्या घरांना धड कागद नसत, त्यामुळे बँका ती तारण घेतच नसत. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून ड्रोनने मोजणी होऊन घरोघर सनदा मिळू लागल्या. ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्याला भक्कम जोड मिळाली. हे उत्तमच झाले. पण ज्या कागदाने घर आपले ठरते, त्याच कागदाने ते दुसऱ्याकडे गुंतवताही येते. २००२ च्या कायद्याने बँकेस तारण घर, खाते थकल्यावर ६० दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावता ताब्यात घेता येते. एक लाखाच्या आतल्या कर्जास हा कायदा लागू नाही, पण म्हणून निर्धास्त राहू नये. गहाणाचा दावा लावण्याचा मार्ग तर खुलाच असतो.

यावरून माझा आग्रह असा की, नवे घर बांधताना ते तारण द्यावे लागले तर निराळे. परंतु असलेल्या घराच्या डागडुजीसाठी, आणि तीही फरशी-रंगासाठी, राहते घर गहाण टाकू नये. खण-दीड खण सजविण्यासाठी आठ खणांचा वाडा डावावर लावणे हा कोणता व्यवहार? घर तारण न ठेवता जेवढे मिळेल तेवढ्यातच दुरुस्ती बसवावी. उरलेली पुढच्या वर्षी.

पतसंस्थेत जामीन लागतो. दिंडीतल्या माणसाला दिंडीतलाच माणूस गळ घालतो, ‘माउली, एवढी सही करा.’ नाही म्हणणे जड जाते. पण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच असते. संस्था आधी त्याच्याच दाराशी आली तरी तिला अडवता येत नाही. म्हणून सही करताना, ‘याने एक पैसा भरला नाही तर हे सारे मी भरीन’ असे मनाशी म्हणून पाहावे. तेवढी तयारी असेल तर करावी; नसेल तर हात जोडून मोकळे व्हावे, आणि त्याच्या छपरावर दोन दिवस राबून यावे. गळ्यातली माळ मात्र या व्यवहारात आणू नये. ‘माळेची शपथ, आषाढीला देतो’ असे म्हणून उसने मागणारे आढळतात, आणि माळ पाहून विश्वास ठेवणारेही. माळ घालताना परद्रव्य वर्ज्य मानण्याचा नेम आपण घेतला आहे. फेडण्याची सोय डोळ्यांसमोर नसताना घेतलेले ऋण आणि परद्रव्य यांत फरक तो काय राहिला?

शासनाच्या घरकुलाचा विषयही येथेच येतो. ज्याला पक्के घर नाही अशा पात्र कुटुंबास २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेतून, ग्रामीण भागात, मैदानी प्रदेशात १ लाख २० हजार व डोंगराळ प्रदेशात १ लाख ३० हजार रुपये केंद्राच्या निकषाप्रमाणे मिळतात. ही योजना मार्च २०२९ पर्यंत वाढविली आहे. रमाई, शबरी या राज्याच्या योजना आहेतच. हे अनुदान आहे, ऋण नव्हे, आणि ते थेट खात्यात जमा होते. ‘मिळवून देतो’ म्हणून वाटा मागणाऱ्यास वाटेला लावावे. अडचण होते ती निराळ्या ठिकाणी. घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २७० चौरस फुटांचे, असावे असे योजना म्हणते. अनुदान हाती येणार म्हटल्यावर मनसुबा मात्र चार खोल्यांचा आणि वर मजल्याच्या सळया काढून ठेवण्याचा होतो. पैसे काम पुढे जाईल तसे हप्त्याहप्त्याने येतात. पाया मोठा घेतल्याने पहिला हप्ता जोत्यातच मुरतो, दुसऱ्याला दाखवायला काम नसते, मग ते काम उठविण्यासाठी शेकडा पाचाचा पैसा. अशा उघड्या भिंती, त्यांवर उगवलेले गवत आणि शेजारी ताडपत्रीखाली राहणारे कुटुंब, असे दृश्य कोणत्याही तालुक्यात दिसेल. २७० फुटांचे पुरे झालेले घर घ्यावे; पुढे खोली वाढविता येईल अशी एक बाजू मोकळी सोडावी, म्हणजे झाले.

शेवटी कागदांविषयी. भरलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती एकाच पिशवीत, पोथीच्या फडताळात, उंदीर-वाळवी लागणार नाही अशी ठेवावी. कर्ज फिटले की ‘बाकी नाही’ असा दाखला लेखी घ्यावा. बँकेकडे किंवा वित्तकंपनीकडे मूळ कागद ठेवले असतील तर पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत ते परत देणे तिला बंधनकारक आहे, आणि तिच्या दोषाने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. मिळकतीवर बोजा चढविला असेल तर तो उतरल्याची नोंद झालेला नवा उतारा काढून पाहावा. नोंद राहून गेली तर पुढे वाटणीच्या वेळी मुलांना त्याचा त्रास होतो. जामीनदारालाही त्या दाखल्याची एक प्रत नेऊन द्यावी, येत्या एकादशीच्या भजनाला जाताना दिली तरी चालेल.